फाइलवर लाल पेनने लिहिलेलं वय

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय पस्तीस वर्षं आठ महिने, पहिलंच गरोदरपण, सोनोग्राफीप्रमाणे दहा आठवडे चार दिवस. राहणं पुण्यात, माहेर नांदेडला. आईला बीपीचा त्रास आहे, स्वतःला काही नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनने 'एल्डरली प्रायमी, हाय रिस्क' लिहिलं आणि पानभर तपासण्या दिल्या. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे चाळिशीतही बाळंतपणं झाली, कोणी सुई टोचली नाही. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, वीस हजारांची ती एकच रक्ततपासणी कर आणि मोकळी हो. ताईंना विचारायचंय की वयामुळे यातलं खरंच काय लागतं, झोपून राहावं लागेल का आणि सीझर ठरलेलंच आहे का.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. चोवीस वर्षं प्रॅक्टिस करते, त्यातली बरीचशी एका तालुक्याच्या गावी. फाइल न बघता कोणाला गोळी लिहून देणं मला जमत नाही, त्यामुळे 'हे घ्या, ते नको' असं उत्तर मिळणार नाही. पण त्या पानभर यादीमागे डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते सांगते. त्यावरून तुमच्या पुढच्या भेटीत काय विचारायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

आधी त्या 'एल्डरली'चं. हा शब्द मलाही आवडत नाही. मी शिकत होते तेव्हा आमच्याकडच्या पाठ्यपुस्तकांत तिशीनंतरच्या पहिलटकरणीलाही एल्डरली प्रायमी म्हणत. आज त्या हिशोबाने माझ्या वेटिंग रूममधल्या निम्म्या बाया म्हाताऱ्या ठरतील. सरकारी दवाखान्यात जोखमीच्या गरोदर बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो तिला घाबरवायला नसतो. ड्युटीवर नवीन डॉक्टर असला, नर्स बदलली, तरी या बाईचं बीपी नीट मोजा, हिला 'पुढच्या महिन्यात या' म्हणून घाईने पाठवू नका, अशी ती आतल्या लोकांनी एकमेकांना लिहिलेली चिठ्ठी असते. तुमच्या फाइलवरचा लाल पेनही तसाच समजा. फक्त ते लिहिताना तुमच्याशी दोन मिनिटं बोलायला हवं होतं, आणि ते राहून गेलेलं दिसतं.

आता पस्तीसच का? पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात कुठलीही घंटा वाजत नाही. हा आकडा १९७० च्या दशकात रूढ झाला. तेव्हा बाळाची गुणसूत्रं तपासायचा एकच रस्ता होता, पोटातून सुई घालून गर्भजल काढणं. त्यात गर्भपात होण्याची भीती साधारण दोनशेत एक धरली जायची. बाळात गुणसूत्रांचा कुठलाही दोष असण्याची शक्यता पस्तिशीच्या सुमारास जवळपास तेवढीच होते. दोन्ही पारडी जिथे समान झाली तिथे रेघ ओढली. म्हणजे हा आकडा निम्मा बाईच्या वयाचा आणि निम्मा त्या काळच्या सुईचा. आता सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत असते आणि अनुभवी हातांत ती जोखीम अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच सांगितलं की वय काहीही असो, ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईला देऊ करा. आपल्याकडे मात्र १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात, गर्भाची अशी तपासणी कोणत्या परिस्थितीत करता येते त्या अटींमध्ये 'वय पस्तीसहून जास्त' ही एक अट लिहिलेली आहे. म्हणून आपल्याकडच्या कागदांवर पस्तीस हा आकडा आणखीच ठसठशीत दिसतो.

शक्यता वाढते ती उतारावर गाडी वेग घेते तशी, कड्यावरून पडल्यासारखी नाही. डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असण्याचा दोष, असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता पंचविशीत साधारण १२५० मध्ये एक, तिशीत ९०० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. तुम्ही बाळंत व्हाल तेव्हा छत्तीस पूर्ण असतील, म्हणजे ३०० मध्ये एक धरा. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायची सवय लावून घ्या. पंचविशीच्या चौपट, हेही खरं आणि तीनशेतल्या दोनशे नव्याण्णव जणींना तो प्रश्नच नसतो, हेही खरं.

ही सवय का लावायची, त्याचं एक उदाहरण. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं दुसरीकडचा डबल मार्करचा, म्हणजे अशा दोषाची शक्यता काढणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आलं. बाईचं वय सदतीस. रिपोर्टवर लाल चौकट, आत ठळक अक्षरांत 'स्क्रीन पॉझिटिव्ह', खाली १:२१०. सोबत सासरे होते. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टर, पाडायचं तर किती दिवस हातात आहेत?" बाई रात्रभर झोपलेली नव्हती, डोळे सुजलेले. मी रिपोर्टचं दुसरं पान उलटलं. बाळाच्या मानेमागची जागा १.६ मिलिमीटर, म्हणजे छान. रक्तातली दोन्ही द्रव्यं ठीक. मग १:२१० आलं कुठून? सदतिसाव्या वर्षी मुळातली शक्यताच सव्वादोनशेत एकच्या आसपास असते. म्हणजे त्या लाल चौकटीत तिचं वयच तिला परत सांगितलं होतं, बाळाबद्दल वाईट असं काहीही नव्हतं. मी कागदाच्या मागच्या बाजूला दोनशे दहा ठिपके काढायला घेतले, चाळीसेक झाल्यावर सासरे म्हणाले, "बास, कळलं." पुढची तपासणी त्यांनी केली, ती चांगली आली, आणि ते ठिपक्यांचं पान बाईने फाइलला लावून ठेवलं.

तर डबल मार्कर हा हिशोब आहे, निदान नाही. त्यात तुमचं वय, वजन, बाळाची लांबी, मानेमागच्या पाण्याची जाडी म्हणजे एनटी, आणि रक्तातली दोन द्रव्यं एवढं घालून एक शक्यता निघते. साधारण २५० मध्ये एक किंवा त्याहून जास्त शक्यता निघाली की 'पॉझिटिव्ह' म्हणतात. एनटीसकट नीट केलेली ही तपासणी डाउनची शंभरातली पंच्याऐंशी ते नव्वद बाळं हुडकते. पण नुसतं रक्त घेऊन एनटी मोजलीच नसेल तर तिची ताकद खूप कमी होते, आणि छोट्या गावांत हे सर्रास होतं. एनटीला मुदत असते: अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर. तुमच्या हातात आज तेवीस दिवस आहेत. मला स्वतःला बारा आठवडे पूर्ण झालेले बरे वाटतात, कारण तेव्हा कवटी, पोटाची भिंत, हातपाय असं बरंच काही दिसून जातं.

मैत्रीण म्हणते ती वीस हजारांची तपासणी म्हणजे एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजतात. दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते, लॅबप्रमाणे दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत घेतात. डाउनसाठी ती शंभरातली नव्व्याण्णव बाळं ओळखते आणि हजारात एखादीला उगाच घाबरवते. ऐकायला अगदी पक्कं वाटतं. पण तुमच्या वयाच्या दहा हजार जणींनी ती केली असं धरा. तीनशेत एक म्हणजे साधारण ३३ बाळं डाउनची, ती बहुतेक सगळी सापडतील. हजारात एक या हिशोबाने दहा जणींचा रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या चारांतली एक निरोगी बाळाची आई असेल. हीच तपासणी पंचविशीतल्या दहा हजार जणींनी केली तर आठ खरे आणि दहा खोटे, निम्म्याहून जास्त खोटे. गंमत बघा, वय वाढलं की ही तपासणी जास्त विश्वासार्ह होते. वयामुळे झालेला हा एक फायदा कोणी सांगत नाही.

तरीही एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो, कधीच नाही. त्यापुढे गर्भजल परीक्षण किंवा वारेचा तुकडा तपासणं हेच निदान. आणि एनआयपीटी चांगली आली म्हणून एनटीची सोनोग्राफी सोडायची नाही. मानेमागची जागा साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निघाली तर रक्त काहीही म्हणो, बाळाचं हृदय आणि गुणसूत्रं यांच्याकडे वेगळं बघावं लागतं. ते पैसे भरून मोकळं होण्याइतकं सोपं नाही, एवढंच मैत्रिणीला सांगा. मग तुम्ही काय करावं? परवडत असेल आणि मनाला लागून राहणार असेल तर बाराव्या आठवड्यात एनटी आणि एनआयपीटी दोन्ही करा. पैसे मोजून वापरायचे असतील तर एनटीसकट डबल मार्कर करा. हजारात एकपेक्षा कमी शक्यता आली तर तिथेच थांबा, मधे कुठेतरी आली तर मग एनआयपीटी. मी माझ्या पेशंटना बहुतेक वेळा हा दुसरा रस्ता सांगते. बाळ कसंही असलं तरी आम्ही वाढवणार, असं तुम्हा दोघांचं आधीच ठरलेलं असेल तर यातलं काहीच न करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र सोनोग्राफी तेव्हाही करा, कारण हृदयाचा दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. आणि हो, मुलगा की मुलगी हे या रक्तातून कळतं, पण सांगणं गुन्हा आहे. 'ओळखीतला लॅबवाला आहे' म्हणणाऱ्या काकांना दारातूनच परत पाठवा.

एक तांत्रिक गोष्ट, कारण हिचा गोंधळ मी फार पाहिलाय. कोणाला दात्या बाईचं बीज घेऊन टेस्ट ट्यूबने दिवस राहिले असतील तर हिशोबात त्या दात्या बाईचं वय घालायचं असतं. लाजेखातर ते लपवलं जातं आणि चाळिशीच्या बाईला विनाकारण 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट मिळतो.

ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव बघायची मोठी सोनोग्राफी, वय काहीही असलं तरी सगळ्यांनाच. ती अठरा ते वीस आठवड्यांत उरकून घ्या, बाविसाव्यावर ढकलू नका. २०२१ पासून गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि चोविसाव्यानंतर गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं. काही निघालंच तर गर्भजल परीक्षणाच्या रिपोर्टलाही दोन-तीन आठवडे जातात. उशीर झाला की निर्णय तुमच्या हातातून कागदांच्या हातात जातो. यादीत 'फीटल इको'ही असेल, बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी. निव्वळ वय पस्तीस म्हणून मी ती सांगत नाही. आधीपासूनची शुगर, जाड एनटी, घरात जन्मजात हृदयदोष यांपैकी काही असेल तर सांगते.

गुणसूत्रांचं एवढं लिहिलं कारण लोक त्यालाच घाबरतात. मला विचाराल तर तुमच्या फाइलमध्ये माझं लक्ष दुसऱ्याच वाक्यावर गेलं: 'आईला बीपीचा त्रास आहे'.

गरोदरपणात चढणारं बीपी, ज्यात लघवीतून प्रथिनं जातात, लिव्हर-किडनीवर ताण येतो, बाळाची वाढ खुंटते, ते पहिल्या खेपेला जास्त होतं. पस्तिशीनंतर जास्त होतं. आईला किंवा बहिणीला त्यांच्या गरोदरपणात झालेलं असेल तर आणखी. म्हणून आईला नीट विचारा, बीपी आत्ता उतारवयात सुरू झालंय की तुमच्या वेळेला पोटात असतानाही होतं? पायाला, तोंडाला सूज, नऊ महिने भरायच्या आधी बाळंतपण, झटके, असं काही? या एका फोनवर पुढचा निर्णय बराच अवलंबून आहे.

तो निर्णय म्हणजे ॲस्पिरिन. जोखीम असलेल्या बायकांनी बाराव्या आठवड्यापासून रोज कमी डोसचं ॲस्पिरिन घेतलं तर हा आजार, विशेषतः त्याचा लवकर येणारा आणि वाईट प्रकार, बराच टळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय चाचणीत रात्री १५० मिलिग्रॅम देऊन सदतिसाव्या आठवड्याआधी होणारा हा आजार साठ टक्क्यांहून जास्त घटला. सुरुवात सोळाव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी, कारण वारेच्या रक्तवाहिन्या रुजायचं काम त्याच सुमारास चाललेलं असतं. विसाव्याला आठवलं तर फारसा उपयोग नाही. आता इथे परिस्थितीवर अवलंबून म्हणतात ते येतं. अमेरिकन नियमांत पस्तिशी आणि पहिलं गरोदरपण हे दोन्ही मध्यम जोखमीत मोजतात, दोन मिळाले की गोळी. ब्रिटिश नियमांत वय मोजतात ते चाळिशीपासून, पण आईला गरोदरपणात हा आजार झालेला असेल तर तो मुद्दा पहिलटकरणीच्या मुद्द्याला जोडून गोळी बसते. म्हणजे तुम्ही पुण्याऐवजी लंडनमध्ये असता तर कदाचित आईच्या उत्तरावर ठरलं असतं. मी अशा बाईला देते, दमा, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर. पण ती तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बघून द्यायची गोळी आहे, केमिस्टकडून आणून सुरू करायची नाही.

ही गोळी घरात नेली की तमाशा होतो, तोही सांगून ठेवते. सासऱ्यांच्या डब्यात तीच इकोस्प्रिनची पट्टी असते. "अगं, ही तर अटॅकची गोळी! पोटुशीला रक्त पातळ करायची गोळी?" दोन दिवसांत ती बंद होते आणि मला कळतं पुढच्या महिन्यात. म्हणून मी हल्ली ती लिहिताना सोबतच्या माणसाला आत बोलावते.

दुसरं, घरी बीपी मोजायचं मशीन घ्या, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा, वहीत तारखेसकट. माझ्याकडे एक सदतीस वर्षांची शिक्षिका होती. तेहतिसाव्या आठवड्यात तिची वही बघितली: ११८, ११८, १२४, १३०, १३६. प्रत्येक आकडा सुटा बघितला तर कोणी भुवई उचलली नसती. पण आठ दिवसांत चढलेली ती पायरी बघून लघवी तपासली तर प्रथिनं होती. तिला डोकेदुखी नव्हती, डोळ्यांपुढे काजवे नव्हते, पोटात वरच्या बाजूला दुखत नव्हतं. ही लक्षणं आली की अर्ध्या रात्रीसुद्धा निघायचंच, पण ती यायची वाट बघायची नाही. घरी १३५/८५ च्या वर दोनदा आलं की फोन करा.

शुगरचं थोडक्यात. आपल्याकडच्या सगळ्याच बायकांना गरोदरपणात शुगरची शक्यता जास्त असते, वयाने त्यात भर पडते. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आलं तर शुगर. उपाशी असायची गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा. ती दुसरी खेप महत्त्वाची. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अडतीस वर्षांच्या बाईची पहिली शुगर चांगली आली म्हणून मी दुसरी सांगायची विसरले. बाळ सव्वाचार किलोचं निघालं, खांदा अडकला. बाळ वाचलं, हातही पुढे सुधारला, पण ती चार मिनिटं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून 'शुगर एकदा केली' यावर मी थांबत नाही.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तगट, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोह आणि कॅल्शियम, हे सगळं बावीस वर्षांच्या मुलीला तेच आणि तुम्हालाही तेच. लोहाची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर घेऊ नका, एवढं पाळलंत तरी पुष्कळ. ज्यांना खाजगीत परवडत नाही अशा कोणी हे वाचत असतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

झोपून राहायचं का? नाही. वय हे झोपून राहायचं कारण नाही. तुमच्या वयात गर्भपाताची शक्यता वाढलेली असते, हे लपवत नाही. पंचविशीत दहात एक, तर पस्तिशी ते चाळिशीत साधारण सहात एक. पण त्यातले बहुतेक गर्भ गुणसूत्रांच्या चुकीमुळे वाढतच नसतात, जिना चढल्याने किंवा स्कूटरवर बसल्याने ते पडत नाहीत. झोपून राहिल्याने ते टिकत नाहीत, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायला आणि वजन-शुगर वाढायला मदत होते. बाळाचे ठोके दिसलेत, दहा आठवडे ओलांडलेत, म्हणजे धोक्याचा मोठा भाग तुमच्या मागे पडलाय. रक्तस्राव नसताना, आधी गर्भपात झालेले नसताना नुसतं 'सपोर्ट' म्हणून प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना सरळ विचारा. रोज अर्धा तास चाला, ऑफिसला जा.

सासूबाईंना उत्तर द्यायचं असेल तर हे द्या, पण गोडीत. त्या खोटं बोलत नाहीयेत. चाळिशीतली बाळंतपणं घरोघरी व्हायची, पण ती पाचवी-सहावी खेप असायची. शेवटचं बाळ चाळिशीत होणं आणि पहिलं छत्तिशीत होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बीपीचा आजार पहिल्या खेपेला गाठतो, पहिल्या खेपेच्या कळाही लांबतात. शिवाय त्या काळात जी बाळं आणि ज्या बायका गेल्या त्यांची नावं आज कोणी घेत नाही. माझ्या आजीला अकरा झाली, मोजताना घरात सात म्हणतात.

राहिलं सीझर. पस्तिशीनंतर त्याचं प्रमाण वाढतं, काही शरीरामुळे आणि काही आम्हा डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मनामुळे. 'प्रेशस बेबी आहे, रिस्क नको' हे वाक्य दोन्ही बाजूंनी येतं, आणि मग मुहूर्त काढून अडतिसाव्या आठवड्यातच सीझर होतं. एकोणचाळीस पूर्ण व्हायच्या आत कळा नसताना केलेल्या सीझरमध्ये बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. पत्रिकेत कितीही चांगला योग असला तरी फुप्फुसं पंचांग बघत नाहीत. तुमचं वय एवढंच कारण सीझरला पुरेसं नाही.

पण शेवटच्या आठवड्यांत वय खरंच मोजावं लागतं. तारीख उलटल्यावर वारेचं काम थकत जातं आणि मोठ्या वयात ते थोडं आधी थकतं. चाळिशीच्या बाईला एकोणचाळिसाव्या आठवड्यात बाळ पोटात दगावण्याचा जो धोका असतो तो पंचविशीतलीला एक्केचाळिसाव्याला असतो. तुम्ही दोघींच्या मधे कुठेतरी. म्हणून मी या वयात अठ्ठावीस ते बत्तीसच्या दरम्यान एक आणि छत्तीसच्या सुमाराला एक, अशा बाळाच्या वाढीच्या दोन सोनोग्राफी करते आणि चाळीस आठवडे ओलांडू देत नाही. एकोणचाळिसाव्यानंतर कळा आणायच्या का, हे त्या बाईशी बोलून ठरवते. 'कळा आणल्या की सीझरच होतं' ही समजूत पक्की आहे, पण २०१६ साली ब्रिटनमध्ये पस्तिशीपुढच्या सहाशेहून जास्त पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीत एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सीझर ३२ टक्के आणि वाट बघणाऱ्यांत ३३ टक्के होतं. अठ्ठाविसाव्यानंतर बाळाचं हलणं रोज ठरावीक वेळी बघा. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा वेळा. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर गोड पाणी पिऊन सकाळपर्यंत थांबू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माहेर नांदेडला आहे हे लिहिलंत म्हणून सांगते. सातव्यात डोहाळजेवण आणि लगेच माहेरी, ही आपली रीत. त्यात होतं असं की ज्या डॉक्टरांनी सात महिने बघितलं ते सुटतात आणि नेमक्या बीपी चढायच्या काळात नवीन डॉक्टर, नवी फाइल. जायचंच असेल तर नांदेडच्या डॉक्टरांकडे एक भेट अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आतच करून या. तिथे नवजात बाळांचा आयसीयू आहे का, रक्त मिळायची सोय किती लांब आहे, बघून ठेवा. सोबत अकरा-बारा आठवड्यांच्या सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट न्या, त्याचा फोटो नाही, कारण तारीख त्यावरूनच ठरते. बीपीची वही न्या. प्रवासात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. आणि बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत बीपी किंवा शुगर चढली असेल तर आईलाच पुण्याला बोलवा.

एनटीच्या सोनोग्राफीची वेळ मात्र आजच घ्या. चांगल्या ठिकाणी आठ-दहा दिवसांची रांग असते, आणि तुमचे बारा आठवडे आजपासून बरोबर दहाव्या दिवशी पूर्ण होतात.